दुसऱ्या क्लॅरिनेटची चौदा पानं

१. सात कोरे कागद

दुपारी दीड वाजता ताई डबा खाऊन लायब्ररीत परतल्या आणि टेबलावरची फाइल बघून दारातच थबकल्या. फाइल जिथल्या तिथे होती. तिची फीत मात्र त्यांनी बांधली तशी नव्हती.

ताईंची गाठ म्हणजे साधी सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. एकोणीस वर्षांत त्यांनी दुसरी गाठ मारली नव्हती. इथे फीत फाइलभोवती पाच वेढे घेऊन चापून गुंडाळली होती, आणि उरलेलं टोक डाव्या बाजूला वेढ्यांखाली खुपसलं होतं. गाठ मुळी नव्हतीच. ताईंनी फाइल उघडली. आत सात कागद होते, पाच-पाच रेघा आखलेले, आणि त्या रेघांवर एकही सूर नव्हता.

ताईंनी सातही कागद उलटून पाहिले.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे, ऑर्केस्ट्राची होती. ऑर्केस्ट्रात प्रत्येक वाजवणाऱ्यापुढे फक्त त्याच्या वाद्याचे सूर लिहिलेली पानं असतात. त्यांना पार्ट म्हणतात. असे हजारो पार्ट ताईंच्या कपाटांत होते, आणि त्यांतला प्रत्येक त्या डोळे मिटून काढून देत. गायब झालेला पार्ट होता संस्थापकांच्या सिंफनीतला, दुसऱ्या क्लॅरिनेटचा. सात कागद, चौदा पानं, संस्थापकांच्या स्वतःच्या अक्षरातली. ही सिंफनी कधी छापली गेली नाही. वर्षातून एकदा, स्थापनेच्या दिवशी वाजायची आणि पुन्हा कुलपात जायची. सगळी वाद्यं एकत्र लिहिलेला स्कोअर तेवढा होता, पण तो कंडक्टरच्या बॅगेत, आणि कंडक्टर दौऱ्यावर, त्या घटकेला विमानात.

तीन आठवड्यांपूर्वी स्थापनेचा कार्यक्रम वाजवून दुसरं क्लॅरिनेट वाजवणारे काका, सगळ्यांचे दुसरेकाका, निवृत्त झाले होते. त्यांच्या जागेसाठी पुढच्या मंगळवारी ऑडिशन होती. पाच उमेदवार होते. नियम असा, की प्रत्येकाच्या हातात सात दिवस आधी सारखीच पानं पडली पाहिजेत. एकालाही कमी मिळाली तर ऑडिशन रद्द आणि जागाही रद्द. सातवा दिवस आज होता आणि मुदत संध्याकाळी सहाची. ताई सकाळीच प्रती काढणार होत्या, पण झेरॉक्स मशीनची पावडर संपली होती आणि मशीनवाला दोन वाजता येणार होता. म्हणून त्यांनी कागदांचे कोपरे नोटांसारखे मोजले, सात भरले, सुरगाठ मारली आणि त्या जेवायला गेल्या.

ताई हादरल्या त्या नोकरीच्या भीतीने नाही. वीस वर्षांपूर्वी ताई व्हायोलिन वाजवायच्या. याच ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला त्यांना टपालाने आलेल्या पार्टमध्ये एक पान कमी होतं. ते कमी आहे हे त्यांना कळलं ते मंचावर, परीक्षकांनी नेमकं तेच वाजवायला सांगितलं तेव्हा. त्या दिवशी व्हायोलिन पेटीत गेलं ते गेलंच. पुढच्या वर्षी लायब्ररीत जागा निघाली तेव्हा त्यांनी अर्ज केला आणि मनाशी एक गोष्ट ठरवली, आपल्या हातून कुणालाही अपुरी पानं जाणार नाहीत. ती गोष्ट आज सहा वाजता मोडणार होती.

ताईंनी फोन उचलला आणि बहिणीचा नंबर फिरवला.

"तुझे भावजी ना? ने बाई, आत्ताच्या आत्ता ने," बहीण म्हणाली. "सकाळपासून माझ्या पातेल्यांवर ताल धरून बसलेत."

२. मागच्या रांगेतला माणूस

भावजी वीस मिनिटांत हजर झाले. तीस वर्षं त्यांनी ऑर्केस्ट्रात मोठे ड्रम वाजवले होते आणि गेल्या वर्षी ते निवृत्त झाले होते. ऑर्केस्ट्रातल्या भानगडी आजवर त्यांनीच उलगडल्या होत्या. हरवलेलं व्हायोलिन, निनावी पत्रं, कंडक्टरचा एकच मोजा. उलगडण्याचं गुपित ते कुणापासून लपवत नसत.

"अगं, ड्रमवाल्याला तासात चार मिनिटं काम. बाकी वेळ मोजायचं आणि बघायचं. आणि मागच्या रांगेतून माणसाची पाठ दिसते. तोंड खोटं बोलतं, पाठीला जमत नाही."

त्यांनी फाइलची फीत बराच वेळ न्याहाळली. मग टेबलावर गाल टेकवून ते कडेने बघू लागले.

"ताई, तू इथे रबर वापरलंस आज?"

"नाही. आणि माझं रबर राखाडी आहे."

टेबलावर गुलाबी कण पडले होते. दहा-बारा, जेमतेम चिमूटभर.

"म्हणजे चोर आला, बसला, खोडू लागला," भावजी म्हणाले. "थोडंसंच खोडलं आणि मग पार्टच घेऊन गेला. ज्याला ऑडिशन बुडवायची तो खोडत कशाला बसेल? आणि ज्याला खोडायचं होतं त्याने पुरतं का खोडलं नाही? त्या पार्टात पेन्सिलीचं काही होतं?"

ताईंनी आठवून पाहिलं. पार्टवर पेन्सिलीने खुणा करायची वाजवणाऱ्यांना मुभा असते आणि कार्यक्रम झाला की त्या खोडणं हे लायब्ररीचं काम. पण संस्थापकांची शाई नाजूक, म्हणून या पार्टाला त्या रबर लावत नसत. "खुणा कधीच नव्हत्या. नवव्या पानावर एक जागा मात्र घासून पातळ झालीय. मला वाटायचं, काकांच्या बोटाच्या घामाने."

"नवव्या पानावर काय आहे?"

"काही नाही. बहात्तर बारांची विश्रांती. नुसती आडवी जाड रेघ आणि वर आकडा. बाकी कागद कोरा."

बार म्हणजे तालाचा एक कप्पा. असे बहात्तर कप्पे दुसऱ्या क्लॅरिनेटने गप्प बसायचं, मनात मोजायचं, आणि त्र्याहत्तराव्याला सगळा ऑर्केस्ट्रा थांबला की एकट्याने सुरू व्हायचं. अकरा बारांचा तो तुकडा ऐकायला माणसं लांबून यायची. संस्थापक स्वतः आयुष्यभर दुसरं क्लॅरिनेट वाजवत आले होते, आणि दुसऱ्याकडे कुणी बघत नाही याचं उट्टं त्यांनी असं काढलं होतं.

"बहात्तर बार," भावजी हळूच म्हणाले. "दरवर्षी तेव्हा मीही मोकळा असायचो. चाळीसच्या आसपास दुसरेकाकांचे खांदे हलायला लागायचे. सगळे म्हणायचे, बिचाऱ्याला एकट्याने वाजवायची धास्ती वाटते."

खालचा दारवान वर आला. एक ते दीडच्या मध्ये चौघं जिना चढले, असं तो म्हणाला. कोण कधी उतरलं ते विचारू नका, कारण तोही माणूस आहे आणि त्यालाही जेवण लागतं. ते चौघं म्हणजे व्यवस्थापक, कॉलरवाला उमेदवार, निवृत्त दुसरेकाका आणि पहिलं क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पहिल्याबाई.

चारही नावं ऐकून ताईंनी कपाळाला हात लावला. त्यांतलं एकही नाव चोराचं वाटत नव्हतं.

३. आतला आवाज

व्यवस्थापक खुर्चीतून न उठता अख्खा ऑर्केस्ट्रा चालवत. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण घड्याळाला पक्का.

"एक वाजून पाच मिनिटांनी वर आलो होतो. प्रती निघाल्यात का बघायला. दारातूनच पाहिलं, फाइल टेबलावर होती, तुमची ती सुरगाठ मारलेली. आत पाऊल ठेवलं नाही." मग त्यांनी ताईंकडे बघून घसा साफ केला. "हे बघा, मला आनंद होत नाहीये. पण सहा वाजता पाच सह्या नसल्या तर ऑडिशन रद्द, असं लिहून मला वर पाठवावं लागेल. आणि वरचे लोक अशी जागा पुन्हा भरत नाहीत."

"तुम्हाला काय वाटतं, दोन क्लॅरिनेट हवेत कशाला?" भावजींनी विचारलं.

"मला वाटून काय होतंय? मला तर दोन ड्रमसुद्धा एकसारखेच दिसतात."

भावजींनी हा घाव हसून पोटात घातला.

कॉलरवाला खाली कँटीनमध्ये सापडला. शर्टाची कॉलर कायम ताठ, म्हणून हे नाव. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसा तो कुणी विचारायच्या आतच बोलू लागला.

"मी काही घेतलेलं नाही. बघायला गेलो होतो, एवढंच. बाकीच्यांच्या आधी पाच मिनिटं तो अकरा बारांचा तुकडा बघायला मिळाला तर... चुकलं माझं. पण मी आत गेलोच नाही."

"का?"

"आत कुणीतरी होतं. दार लोटलेलं होतं. आधी रबराचा आवाज आला, खसखस, खसखस. मग थांबला. मग," तो अडखळला, "मग ते माणूस हसलं."

"हसलं?"

"नाकातून. दाबून. आणि हसता हसता नाक ओढलं, सर्दी झाल्यासारखं. बाई की बुवा ते नाही सांगता येणार. मी आपला पाय न वाजवता खाली आलो. सव्वा वाजला होता तेव्हा."

ताईंना काही सुधरेना. चोरी करताना घाबरणारे चोर त्यांनी ऐकले होते. हसणारा आणि वर नाक ओढणारा चोर त्यांच्या हिशेबात बसत नव्हता.

भावजी मात्र खुशीत आले होते. त्यांनी कँटीनच्या टेबलावर बोटांनी एक छोटीशी लय वाजवली. "माणूस आपल्याच चोरीला हसत नाही, ताई. तो काहीतरी वाचून हसला. म्हणजे नवव्या पानावर काहीतरी लिहिलेलं होतं. आता सांग, वर्षातून एकदा उघडणारं ते पान कुणाकुणाच्या डोळ्यांसमोर असतं?"

"दुसरेकाकांच्या."

"आणि ती फीत बघितलीस ना? वेढे घ्यायचे, टोक खुपसायचं, गाठ नाही. जुने क्लॅरिनेटवाले असंच बांधतात. फुंकायच्या जागी वेताची पातळ पट्टी असते, ती आता सगळे धातूच्या चापाने धरतात. पण पूर्वी दोऱ्याने गुंडाळायचे. आपल्याकडे अजून दोरा वापरणारा एकच माणूस उरला होता."

ताईंना ते नाव घ्यायचं नव्हतं. सव्वीस वर्षांत ज्या माणसाने एका पानाचा कोपरा दुमडला नाही, त्याच्या दारात त्यांना चोर शोधायला जायचं होतं.

४. तिसरा कप

दुसरेकाकांचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते एकटेच असत. घर इतकं नीटनेटकं, की ताईंना चपला कुठे काढाव्यात हेही कळेना.

"या. चहा टाकतो," ते म्हणाले. चेहरा पडलेला होता. "मला वाटलं, दुसरं कुणी आलं."

आत ओट्यावर तीन कप होते. दोन जुने, कान उडालेले. तिसरा नवा कोरा, निळ्या फुलांचा, बशीवर पालथा घातलेला. काकांनी जुने दोन कप भरून पाहुण्यांना दिले आणि स्वतः पेल्यात घेतला. नव्या कपाला हात लावला नाही. चहा डाव्या हाताने ओतला, तेव्हा ताईंना आठवलं, की हे डावखुरे. रजिस्टरवर सही करताना ओळ हाताखाली पुसायचे.

"बिनसाखरेचा आहे," काका ओशाळून म्हणाले. "घरात साखर आणायचीच बंद केली. तीन आठवडे झाले."

"डॉक्टरांनी सांगितलं?" ताईंनी विचारलं.

"नाही. सहज."

भावजींनी चोरीची गोष्ट सांगितली. काका ताडकन उठून उभे राहिले.

"पार्ट गेला? अख्खा? नववं पान पण?"

"नववं पान का म्हणालात?"

काका खाली बसले. "असंच. मी वर आलो होतो, खरंय. लॉकरची किल्ली बाहेरच्या खणात टाकली आणि उतरलो. आत गेलो नाही. आत गेलो असतो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"तुमचं क्लॅरिनेट दाखवता? दोरा कसा गुंडाळता ते बघायचंय."

काकांनी जुनं वाद्य काढलं, पट्टी बसवली आणि दोरा गुंडाळला. तिसाव्या वर्षी शिकलेलं बोटं सत्तराव्या वर्षी विसरत नाहीत. पाच वेढे, आणि टोक खुपसलं.

ताई वाकून बघू लागल्या. टोक उजव्या बाजूला होतं. फाइलचं डाव्या बाजूला होतं. तोच वेढा, तेच खुपसणं, पण उलटं, आरशात बघावं तसं.

भावजींनीही ते पाहिलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "काका, त्या बहात्तर बारांत दरवर्षी तुमचे खांदे का हलायचे?"

काकांच्या पांढऱ्या मिशीखाली हसू फुटतंय की रडू, हे ताईंना ठरवता येईना.

"ते गुपित माझं एकट्याचं नाही," काका म्हणाले. "अर्ध्या गुपिताला मी वाचा फोडणार नाही. तुम्ही दुसऱ्या अर्ध्याकडे जा."

५. चांदीचा चाप

परत येताना भावजी झपाझप चालत होते आणि ताई जवळजवळ पळत होत्या. साडेचार वाजून गेले होते.

"आरशासारखं कुणाचं होतं, ताई? जो समोर बसून शिकतो त्याचं. डावखुऱ्या माणसासमोर उजवा माणूस बसला, की तो हुबेहूब उलटं शिकतो. काकांकडून दोरा बांधायला कोण शिकलं, हे सापडलं की संपलं."

ताई रस्त्यात मध्येच उभ्या राहिल्या. "फोटो," त्या म्हणाल्या.

लायब्ररीच्या भिंतीवर सव्वीस वर्षांपूर्वीचा एक फोटो होता. ताई रोज त्याच्यावरची धूळ पुसत. ऑर्केस्ट्रात नवे आलेले दोन क्लॅरिनेटवाले शेजारी शेजारी. एक काळ्या मिशीचे, तेव्हाचे दुसरेकाका. आणि शेजारी एक वेणीवाली तरुण मुलगी. दोघांच्याही वाद्याला दोरा गुंडाळलेला होता.

ती मुलगी म्हणजे पहिल्याबाई.

ताईंना हे पचेना. पहिल्याबाई म्हणजे पहिलं क्लॅरिनेट, परीक्षक मंडळाच्या प्रमुख. नाकावर माशी बसू देत नसत. गेली कित्येक वर्षं त्यांच्या वाद्याला चांदीचा चाप होता. त्यांना हसताना पाहिलेला माणूस ऑर्केस्ट्रात सापडत नव्हता. त्यांनी लग्न केलं नव्हतं, कारण त्यांच्या सुरात सूर मिळवील असा कुणी जन्मला नाही, असं लोक त्यांच्या पाठीमागे म्हणत. चहा बिनसाखरेचा पीत आणि तोही उभ्यानेच.

बिनसाखरेचा. ताईंनी भावजींकडे पाहिलं. भावजी आधीच मान डोलावत होते.

पहिल्याबाईंची सरावाची खोली लायब्ररीच्याच मजल्यावर होती. दार वाजवल्यावर नेहमीचा करडा आवाज आला, "उघडंच आहे." बाई खिडकीशी उभ्या होत्या, पाठ दाराकडे. भावजींना तेवढं पुरे होतं. ती पाठ ताठ नव्हती.

"बाई, मी एक गोष्ट सांगतो. चुकलो तर थांबवा," भावजी म्हणाले. "एक माणूस वर्षातून एकदा शेजाऱ्याच्या पार्टवर पेन्सिलीने एक ओळ लिहायचा. नवव्या पानावर, बहात्तर बारांच्या कोऱ्या जागेत. शेजारी तिथे पोचला की हसू दाबता दाबता त्याचे खांदे हलायचे. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी फाइल गोळा व्हायच्या आत तो माणूस ओळ खोडून टाकायचा. पंचवीस वर्षं कुणाला पत्ता नाही. यंदा मात्र ओळ खोडायची राहिली. पार्ट कुलपात गेला. आणि आज त्याच्या प्रती पाच उमेदवारांच्या हाती जाणार होत्या. म्हणून तो माणूस रबर घेऊन आला."

बाई वळल्या. डोळे लाल होते. पण ताई बघतच राहिल्या त्या वेगळ्याच गोष्टीकडे. बाई हसत होत्या.

"पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, 'कंडक्टरच्या बाहीला किमतीची चिठ्ठी लटकतेय, बघू नका,'" त्या म्हणाल्या. "खरंच लटकत होती. त्यानंतर थांबता येईना. माणूस एवढा घाबरायचा त्या अकरा बारांना. हसला की बरा वाजवायचा."

"आणि यंदा?"

बाईंनी पेटीतून कागद काढले. सातही. नववं पान वर होतं. जाड आडव्या रेघेखाली त्यांचं बारीक अक्षर होतं. त्यातला पहिला शब्द अर्धवट खोडलेला होता.

*आता शेजारी कोणाला हसवू?*

"हा काही विनोद नव्हता," बाई म्हणाल्या. "लिहून गेले. शेवटचा कार्यक्रम होता त्यांचा. त्यांनी वाचलं असणार, पण एका शब्दाने बोलले नाहीत. मीही नाही. नंतर खोडायला गेले तर फाइल नव्हती."

ताईंना निरोपाची रात्र आठवली. त्या गडबडीत कुणीतरी पाण्याचा जग सांडला होता आणि ताईंनी घाईघाईने सगळ्यांच्या आधी ही फाइल उचलून कपाटात टाकली होती. एरवी ती सकाळपर्यंत तिथेच, मंचावर राहत असे. म्हणजे या गोष्टीत हात होता तो त्यांचाच, आणि तोही काळजीपोटी.

"आज खोडायला बसले," बाई म्हणाल्या, "आणि तेव्हा हे दिसलं."

ओळीच्या खाली आणखी एक ओळ होती. डावीकडे कललेलं, हाताखाली पुसट झालेलं अक्षर. बाई त्या बहात्तर बारांत वाजवत असत, त्यांची नजर स्वतःच्या पानावर. काकांनी तिथेच, मंचावर बसून, मोजता मोजता उत्तर लिहिलं होतं.

*मला. रविवारी सकाळी. चहा मी करीन, विनोद तू आण.*

"तीन रविवार," ताई म्हणाल्या. त्यांना तो पालथा कप दिसत होता. "बाई, ते तीन रविवार वाट बघतायत. साखर आणायची बंद केलीय त्यांनी."

पहिल्याबाईंनी खुर्ची ओढली आणि ऑर्केस्ट्रात पहिल्यांदाच कुणासमोर तरी मोठ्याने रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझं चुकलं, ताई. तुमच्या कामाचं मी वाटोळं केलं. पण हे खोडायला हात उचलेना, आणि असं पाचजणांना वाटता येईना, म्हणून कोरे कागद आत घातले, बोटांच्या जुन्या सवयीने फीत गुंडाळली आणि पार्ट घेऊन आले. मला पळता भुई थोडी झाली होती."

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

६. पाच सह्या

"कुणी काही खोडायचं नाही," ताई म्हणाल्या. आपला आवाज इतका ठाम येईल हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मशीनवाला केव्हाच पावडर भरून गेला होता. ताईंनी एक पांढरी पट्टी कापली आणि काचेवर पान ठेवण्याआधी ती त्या दोन ओळींवर अलगद ठेवली. तिथे सूर नव्हतेच, झाकलं काय आणि न झाकलं काय. प्रती निघत गेल्या. पहिल्याबाई पानं जुळवत होत्या. भावजी टाचण्या मारत होते, दर चौथ्या टाचणीला ठेका देत.

चौघं उमेदवार साडेपाचच्या आत येऊन सही करून गेले. कॉलरवाल्याने पानं तीनदा मोजली आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. पाचवी राहिली होती. व्यवस्थापक दारात घड्याळ घेऊन उभे होते.

सहाला चार मिनिटं कमी असताना ती आली. सायकलवरून गावाबाहेरून आली होती. हाताला वंगण. दिवसा ती वाद्यं दुरुस्त करायच्या दुकानात काम करायची आणि सकाळी त्याच दुकानात सराव करायची.

"चेन पडली वाटेत," ती धापा टाकत म्हणाली. "उशीर झाला का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "हात पूस. आणि माझ्यासमोर मोज."

मुलीने मोजलं. चौदा. ताईंनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चौदा. तिने सही केली तेव्हा ताईंना वाटलं, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याला असं समोर उभं करून मोजायला लावायला हवं होतं. पण ते वाटणं आता दुखत नव्हतं. मुलगी दारापर्यंत गेली आणि वळली.

"नवव्या पानावर मध्ये एवढं कोरं कसं काय?"

"तिथे शांतता आहे. बहात्तर बार. मोजायला चुकू नकोस."

व्यवस्थापकांनी रजिस्टरवर पाच सह्या पाहिल्या, घड्याळ खिशात टाकलं आणि चक्क म्हणाले, "बरं झालं." मग त्यांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं असावं, कारण ते लगबगीने निघून गेले.

पहिल्याबाई रविवारची वाट बघत बसल्या नाहीत. त्या तशाच खाली उतरल्या. ताईंनी खिडकीतून पाहिलं. बाई दोन गल्ल्या पलीकडे वळल्या तेव्हा त्यांची चाल पहिल्या क्लॅरिनेटला शोभेल अशी मुळीच नव्हती.

ऑडिशन पडद्याआड झाली. परीक्षकांना नुसते आकडे माहीत होते. पाचव्या क्रमांकाला जागा मिळाली. पडदा बाजूला झाला तेव्हा मागे सायकलवाली उभी होती, नखांत अजून थोडं वंगण.

पुढच्या वर्षी स्थापनेच्या दिवशी ताई पडद्यामागे उभ्या होत्या. भावजी पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी दुसरेकाका. सिंफनी नवव्या पानावर आली. सायकलवाली गप्प बसून मोजू लागली. ताईही मोजत होत्या. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. आणि सायकलवालीचे खांदे हलायला लागले.

पण तिच्याही आधी पहिल्या रांगेत दुसरेकाका फसकन हसले. भावजींनी त्यांना कोपर मारलं. काकांना आवरणं कठीण होतं, कारण त्या पानावरचा विनोद रविवारी चहाच्या वेळी त्यांनी आणि पहिल्याबाईंनी मिळून जुळवला होता.

त्र्याहत्तराव्या बाराला सगळं थांबलं आणि मुलीने एकटीने सूर लावला. त्या सुरात हसू होतं. ताईंनी तो तुकडा एकोणीस वेळा ऐकला होता, पण असा नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी फाइल उचलली नाही. ती सकाळपर्यंत तिथेच राहू दिली.